मुंबईत मानवी तस्करीवर संशोधन करायचंय? मुलाखत सगळ्यात शेवटी ठेवा

प्रबंधाचे विषय ठरायला लागले की फोन सुरू होतात. समाजकार्याचे विद्यार्थी, कायद्याचे विद्यार्थी, कधी बाहेरगावच्या संस्थेत नुकतेच लागलेले संशोधन सहायक. प्रश्न जवळपास एकच असतो: "सुटका झालेल्या मुलींच्या मुलाखती हव्या होत्या, दहा-बारा मिळतील का?" मी मुंबईत या विषयावरच्या अभ्यासांचं समन्वयाचं काम करते. माझं उत्तरही ठरलेलं आहे: मिळतील किंवा नाही मिळणार, पण तो प्रश्न आज विचारायचा नाही. मुलाखतीच्या आधी बरीच कामं आहेत. ती नीट झाली तर अर्ध्या अभ्यासांना मुलाखतीची गरजच उरत नाही.

ही कामं मी ज्या क्रमाने करायला सांगते, त्याच क्रमाने खाली देते.

१. तुमच्या अभ्यासात ‘तस्करी’ कशाला म्हणायचं, ते एका पानावर लिहा

संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो प्रोटोकॉल २००० सालचा. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: कृती (भरती करणं, नेणं, ठेवून घेणं), साधन (बळजबरी, फसवणूक, असहायतेचा फायदा) आणि हेतू (शोषण). व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर साधन सिद्ध करावं लागत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्याकडे २०१३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये तस्करीची व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. पीडित व्यक्तीची संमती गैरलागू, असं आपलं कलमही म्हणतं. पण बालकांसाठी साधनाची अट काढणारं वाक्य त्यात नाही. पिटा, म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, कुंटणखाना चालवणं, धंद्याला लावणं यांना शिक्षा सांगतो, पण तस्करीची व्याख्या करत नाही. वेठबिगारीसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे.

म्हणजे एकच मुलगी एका व्याख्येत बसते आणि दुसरीत बसत नाही. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने धंद्यात असेल तर ती तुमच्या अभ्यासात पीडित म्हणून मोजायची का? माझं मत ठाम आहे: नाही. बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीनेही शिफारस केली की सज्ञान आणि संमतीने काम करणाऱ्या बाईत पोलिसांनी ढवळाढवळ करू नये; १९ मे २०२२ च्या आदेशात ती नोंदलेली आहे, पण केंद्र सरकारने तिच्यावर हरकत घेतली होती. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ते त्या एका पानावर लिहिलेलं हवं. प्रकल्पातल्या प्रत्येकाने त्यावर सही करायची. ‘तस्करी’, ‘वेश्याव्यवसाय’, ‘स्थलांतर’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणारे अहवाल मी कपाटभर वाचलेत. त्यातल्या आकड्यांचं काहीही करता येत नाही.

२. ‘मुंबई’ कुठे संपते ते ठरवा

हे सोपं वाटतं आणि इथेच नवे लोक फसतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, त्यांचं बालकल्याण समितीचं काम वेगळं चालतं. तुर्भे नवी मुंबई पोलिसांकडे. भिवंडी, कल्याण ठाणे आयुक्तालयाकडे. नालासोपारा, मीरा रोड २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाकडे. सीएसएमटीच्या किंवा कुर्ला टर्मिनसच्या फलाटावर मुलं सापडली तर तिथे लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ आले. फक्त मुंबई पोलिसांकडून आकडे आणून ‘मुंबईतली तस्करी’ असा मथळा दिला तर गाडीतून उतरणारी मुलंही निसटतात आणि कामाठीपुऱ्यातून तुर्भ्याला, भिवंडीला हललेला धंदाही.

३. असलेले आकडे वाचा, आणि ते तयार कसे होतात ते समजून घ्या

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल सगळे उघडतात, त्याची पद्धत सांगणारी पानं मात्र कुणी वाचत नाही. तिथे मुख्य गुन्ह्याचा नियम लागतो: एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणी सगळ्यात गंभीर गुन्ह्याखाली होते. तस्करीच्या शीर्षकाखाली कोणती कलमं धरायची, हेही वर्षांनुसार बदललेलं आहे. त्यामुळे दहा वर्षांचा आलेख काढण्यापूर्वी प्रत्येक वर्षाच्या तळटीपा समोर ठेवा. आकडा वाढला म्हणजे तस्करी वाढली, असं लिहू नका. एखाद्या वर्षी एका अधिकाऱ्याने जास्त रेड केल्या असतील, तेवढंच त्याचं कारण असू शकतं.

मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनची आकडेवारी वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे जाऊ लागली. नोंदीची पद्धत तिथे बदलते, त्या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ जोडता येत नाहीत.

श्रमिकांच्या तस्करीचे कागद तर भलत्याच कप्प्यांत असतात. गोवंडी, धारावीतल्या जरीच्या कारखान्यांतून सोडवलेली मुलं कामगार विभागाच्या कागदांत. उचल घेऊन कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब सापडलं तर त्याचं मुक्तता प्रमाणपत्र प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात. पोलिसांच्या तस्करीविरोधी कक्षाला यातलं काही ठाऊक असेलच असं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "तस्करीविषयी सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर अर्ज परत येईल. "अमुक आयुक्तालयात अमुक वर्षी कलम ३७० खाली दाखल गुन्ह्यांची पोलीस ठाणेनिहाय संख्या" असं विचारा. तपास चालू असलेल्या प्रकरणाचे कागद मागू नका, कलम ८(१)(ज) दाखवून नकार येईल. खटल्यांची प्रगती ई-कोर्ट्सवर फुकट पाहता येते. पण निकालपत्रात पीडितेचं नाव राहून गेलेलं दिसलं तरी ते तुमच्या वहीत उतरवायचं नाही.

४. सोबती निवडा, आणि ज्यांचं पटत नाही त्यांनाही बोलवा

एकट्याने हा अभ्यास होत नाही. विद्यापीठाकडे पद्धत असते, संस्थेकडे वर्षानुवर्षांच्या फाइली आणि वस्तीतला विश्वास असतो, वकिलाला न्यायालयातली वाट माहीत असते. ‘प्रेरणा’सारखी संस्था १९८६ पासून कामाठीपुऱ्यात आहे. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जवळजवळ शेजारी आहेत. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४ पासून काम करतंय.

पण फक्त सुटका करणाऱ्या संस्थांना घेऊन बसलात तर रेडमध्ये जे दिसतं तेवढंच दिसेल. धंद्यातल्या बायांच्या स्वतःच्या संघटना आहेत, सांगलीची ‘व्हॅम्प’ त्यातली जुनी. रेडनंतर काय होतं, घरवालीचं (कुंटणखाना चालवणारीचं) कर्ज कसं फिटतं, अधियावर, म्हणजे अर्धी कमाई तिला देऊन काम करणारी आणि स्वतःची खोली घेतलेली यांत फरक काय, हे त्यांना आतून माहीत असतं. सुटका करणाऱ्या आणि या संघटना एकमेकींशी भांडतात, मूलभूत मुद्द्यांवर भांडतात. त्यांना एका सल्लागार गटात आणणं अवघड आहे. तरी आणा. प्रश्नावलीचा मसुदा दोघींनी वाचला की निम्मे चुकीचे प्रश्न तिथेच गळतात. पूर्वी या सगळ्यातून गेलेल्या, आता आपापल्या पायावर उभ्या असलेल्या दोघी-तिघींना गटात मानधन देऊन घ्या. व्यासपीठावर अनुभव सांगायला बोलावणं वेगळं आणि निर्णयात मत देणं वेगळं.

५. करार लेखी करा, पैशांचं आधी बोला

परदेशी निधी असेल तर हे पुन्हा पुन्हा वाचा: परदेशी देणगीच्या कायद्यात (एफसीआरए) झालेल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दोघींकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. विद्यापीठाने पैसा घ्यायचा आणि चार संस्थांना वाटायचा, ही जुनी रचना बंद झालेली आहे. निधी देणाऱ्याने प्रत्येकाशी स्वतंत्र करार करावा लागतो. प्रस्ताव लिहिण्याआधी सीएला विचारा, मंजुरी आल्यावर नको.

करारात आणखी चार गोष्टी हव्यात. माहिती कुणाच्या मालकीची. लेखकांत नावं कुणाची. फाइली शोधून देणाऱ्या समुपदेशकाचं नाव ‘आभार’मध्ये ढकलू नका. प्रतिकूल निष्कर्ष निघाला तर काय करायचं: सहभागी संस्थेला मसुदा वाचून लेखी मत देण्याचा हक्क असावा, निष्कर्ष थांबवण्याचा नसावा. आणि कुणी मध्येच बाहेर पडलं तर त्याच्याकडच्या नोंदींचं काय.

६. परवानग्या आणि कागद

नैतिकता समितीची मंजुरी हवीच. छोट्या संस्थेकडे समिती नसते, अशा वेळी विद्यापीठाची किंवा ‘सेहत’सारख्या संशोधन संस्थेची समिती विचारा. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि तस्करीतून आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये काढलेल्या दहा शिफारसी, दोन्ही अर्जापूर्वी वाचून काढा.

फाइलमध्ये हे असावं:

- संशोधन आराखडा आणि पहिल्या पायरीतलं व्याख्येचं पान
- ज्या ज्या भाषेत विचारणार त्या प्रत्येक भाषेतली प्रश्नावली
- संमतीपत्र, १८ खालच्या मुलांसाठी त्यांची स्वतःची तयारी आणि पालकाची किंवा बालकल्याण समितीची परवानगी
- संस्थांमधले करार
- सुटका झालेल्या मुलींना ठेवतात त्या शासकीय गृहात जायचं असेल तर महिला व बाल विकास विभागाची परवानगी. आयुक्तालय पुण्याला आहे, कागद तिथून फिरून येतो, वेळ धरून चाला
- माहिती कुठे ठेवणार, कोण पाहणार, कधी नष्ट करणार याचं पत्रक
- टीममधल्या प्रत्येकाचं गोपनीयतेचं हमीपत्र, दुभाषी आणि टंकलेखक धरून
- त्रास झाला तर कुठे पाठवायचं याची यादी: समुपदेशक, दवाखाना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

७. याद्या जोडा

माझ्या मते मुंबईत सगळ्यात जास्त शिकवणारं काम हे आहे. दोन किंवा अधिक याद्यांत समान नावं किती, यावरून यादीबाहेर किती जण असतील याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे. सी. चंद्रशेखरन यांनी डेमिंग यांच्यासोबत १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवर ती मांडली. पुढे चंद्रशेखरन ज्या संस्थेचे संचालक झाले, तीच आज देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. ब्रिटनमध्ये याच घराण्यातली पद्धत वापरून २०१३ सालासाठी दहा ते तेरा हजार पीडितांचा अंदाज काढला गेला.

समजा, एका यादीत १२० जणी, दुसरीत ९०, दोन्हीत असलेल्या ३०. गुणाकार करून समान संख्येने भागा: एकूण अंदाज ३६०. आता समान ३० पैकी १५ जणी तुम्हाला ओळखूच आल्या नाहीत, तर तोच अंदाज ७२० होतो. जोडणीत ढिलाई झाली की आकडा दुप्पट. आणि मुंबईत ओळख पटवणं खरंच अवघड आहे. एकाच मुलीचे कागद शेजारी ठेवून पाहा: पंचनाम्यात घरवालीने शिकवलेलं नाव आणि वय २१, वैद्यकीय तपासणीत १६ ते १८, बालकल्याण समितीच्या आदेशात दुसरंच नाव, गृहाच्या रजिस्टरमध्ये तिचं घरचं नाव, आणि गावाच्या जागी कुठे ‘कोलकाता’, कुठे रिकामी जागा. बांगलादेशातून आलेल्या अनेक जणी परकी नागरिक म्हणून नोंद होईल या भीतीने पश्चिम बंगालचा पत्ता सांगतात. म्हणून नाव-वय-गाव यांवर जोडणी करू नका. गुन्हा क्रमांक, रेडची तारीख, पोलीस ठाणे, बोलीभाषा, पुढे कुठे पाठवलं, हे धरा.

उलटा धोकाही आहे. याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात, असं गणित गृहीत धरतं. आपल्याकडे पोलीस मुलीला समितीपुढे नेतात आणि समिती गृहात पाठवते, म्हणजे तिन्ही याद्या एकाच वाटेवरच्या. समान नावं खूप निघतात आणि अंदाज खाली येतो. शक्य असेल तर एक यादी वेगळ्या वाटेची घ्या: दवाखान्याची, रात्रनिवाऱ्याची. तीन-चार याद्या असल्या तर हे परस्परावलंबन गणितात तरी घेता येतं, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ पहिल्या बैठकीपासून सोबत हवा.

जोडणी त्या त्या संस्थेच्या कार्यालयात बसूनच करा. नावं बाहेर पडता कामा नयेत, बाहेर फक्त सांकेतिक क्रमांक यावेत. क्रमांकाची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याने विश्लेषण करायचं नाही.

८. आता मुलाखत, गरज असेल तरच

ती मुलगी तुमच्याआधी पोलिसांशी, डॉक्टरांशी, दंडाधिकाऱ्यांशी, समितीशी, परिवीक्षा अधिकाऱ्याशी, समुपदेशकाशी बोललेली असते. जे फाइलमध्ये आहे ते तिला विचारू नका. अत्याचाराचा तपशील तुमच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जवळजवळ कधीच लागत नाही. सुटकेनंतर पहिल्या महिन्यात पैसे कुठून आले, केसच्या तारखेला प्रवासखर्च कुणी दिला, घरी परतल्यावर कोण बोललं, हे फक्त तीच सांगू शकते, तेच विचारा.

गोपनीयतेचं वचन देताना त्याची मर्यादा आधी सांगा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अल्पवयीन मुलावरचा लैंगिक गुन्हा कळला की कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संशोधक म्हणून तुम्हाला सूट नाही. "तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही" हे वाक्य म्हणूनच खोटं ठरतं. तिची केस चालू असेल तर तिच्या वकिलाला विचारल्याशिवाय बसू नका. तुमच्याकडचं ध्वनिमुद्रण न्यायालय मागवू शकतं, आणि बचावपक्ष दोन जबाबांतली तफावत शोधतच असतो.

संमतीसाठी अंगठा घेऊ नका. तिने अंगठा पोलीस ठाण्यात दिलेला असतो. तोंडी संमती घ्या, साक्षीदार म्हणून गृहाचा कर्मचारी नको. अधीक्षिका दारात उभ्या असताना दिलेला होकार हा होकार नव्हे. दुभाषी तिच्या जिल्ह्यातला नसावा, बातमी गावात पोचते. तिचा दिवस मोडला तर मजुरी आणि भाडं द्या, सगळ्यांना सारखं, मुलाखत अर्ध्यात थांबवली तरी पूर्ण.

९. टीम

मुलाखत घेणाऱ्यांना दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती देऊ नका. बाहेरच्या समुपदेशकाकडे जाण्याचे पैसे अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, नाहीतर शेवटी तेच कापले जातात.

१०. लिहिणं आणि परत नेणं

गृहातल्या मुलींवरून निष्कर्ष काढलात तर तो रेडमध्ये सापडलेल्यांपुरता आहे, हे सारांशातच लिहा, शेवटच्या प्रकरणात लपवू नका. जागतिक अहवालांतले मोठे आकडे प्रस्तावनेत चिकटवण्याआधी ते कशाचे आहेत ते पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२२ चा ४ कोटी ९६ लाखांचा अंदाज आधुनिक गुलामगिरीचा आहे. त्यात सक्तीची लग्नं २ कोटी २० लाख आहेत. तो तस्करीचा आकडा म्हणून छापणं चूक आहे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. वय, गाव, रेडची तारीख आणि गल्ली एकत्र दिली की बातमीदार अर्ध्या तासात शोधून काढतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. वय गटात द्या, गावाऐवजी राज्य द्या, चारपेक्षा कमी जणी असलेला रकाना छापू नका.

छापण्याआधी मसुदा मराठीत आणि हिंदीत, चार पानांत, सल्लागार गटापुढे वाचा. नंतर त्याच प्रती संबंधित बालकल्याण समित्यांना, विधी सेवा प्राधिकरणाला आणि ज्या पोलीस ठाण्यांच्या नोंदी वापरल्या त्यांना हातोहात द्या, पोच घ्या. सांकेतिक क्रमांकांची किल्ली आणि ध्वनिमुद्रणं ठरलेल्या तारखेला दोन संस्थांच्या प्रतिनिधींसमोर नष्ट करा आणि त्याचा एक पानी पंचनामा नैतिकता समितीला पाठवा.